सही कुठं करू, भाऊसाहेब?

जन्म १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतरचा असेल, तर सरपंच व्हायला सातवी पास हवी, असा नियम महाराष्ट्राने २०१७ साली केला. आमदाराला अशी अट नाही, मंत्र्याला तर नाहीच. कायदा राबवणाऱ्याला आपण पात्रता विचारतो, कायदा करणाऱ्याने मात्र नुसतं निवडून यावं, ही विसंगती राजेंद्रप्रसादांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलून दाखवली होती.

त्यांची खंत मला अर्धीच पटते. वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षण जेमतेम, आणि विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली ती त्यांच्याच सरकारने, १९८३ मध्ये. (तो निर्णय बरा की वाईट, हे फी भरणाऱ्या बापाला विचारावं.) उलट 'सही कुठं करू, भाऊसाहेब?' एवढ्या एका प्रश्नावर पाच वर्षं काढणारे पदवीधर सरपंच गावोगाव आहेत. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी). मासिक सभेचं प्रोसिडिंग कोरं असतानाच त्यावर सगळ्यांच्या सह्या होतात आणि ठराव मागाहून, सवडीने लिहिले जातात. निम्मी पदं बायकांना राखीव झाल्यापासून सही तिची आणि खुर्ची नवऱ्याची, हेही अंगवळणी पडलंय.

आमच्या भागातल्या एका सरपंचबाईंनी ही रीत मोडली. "आधी लिहा, मग वाचून दाखवा, मग सही," एवढंच त्यांचं म्हणणं. एका सभेत गावाच्या वेशीवर कमान बांधायचा विषय आला. सगळे खुशीत. बाईंनी विचारलं, "पैसा बंधितातला की अबंधितातला?" पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के पैसा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. भाऊसाहेबांनी घसा साफ केला. कमान बारगळली, तो पैसा गटारांच्या कामाला लागला आणि बाईंनी दोन-चार घरांचा कायमचा राग ओढवून घेतला.

हे त्यांना तालुक्याच्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. तिथे फाईल, पेन आणि जेवण मिळतं. बाईंनी बरीच वर्षं बचत गटाचं खातं सांभाळलं होतं. दहा बायकांच्या पैशाचा हिशेब दर महिन्याला त्यांच्या तोंडावर द्यायचा, एक रुपया चुकला तरी शेजारीण चारचौघांत विचारणार. अशा ठिकाणी माणूस कागद वाचायला शिकतो. पदावर बसवण्याआधी असा हिशेब कुणी द्यायला लावला होता का, एवढंच मी विचारेन. मार्कशीट मागणार नाही.

मग आरक्षण फिरलं. बाईंची जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे गेली, भाऊसाहेबांची बदली झाली. बाई परत बचत गटात.

त्याच सुमारास तिकीट कापलेल्या एका नेत्याचं एका महामंडळावर पुनर्वसन झालं. महामंडळ तोट्यात का आहे, असं पत्रकारांनी विचारलं. "अधिकाऱ्यांकडून माहिती घेतो," म्हणाले. अजून घेतच असावेत. गाडी मात्र त्याच दिवशी मिळाली.