कान्हेरीच्या वाटेवर खाकीचे स्वप्न

गेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवारची जोडून सुट्टी मिळाली आणि आमच्या वस्तीतले सातजण बाहेर पडलो. निमित्त होते आमच्या पुतणीचे. बारावी सायन्स झालेल्या या मुलीला वनरक्षक व्हायचे आहे. २०२३ च्या भरतीत तिने लेखी परीक्षा चांगली दिली, पण धावण्याच्या गुणांत मागे पडली. यादीत नाव आले नाही. तेव्हापासून वहिनींचे एकच पालुपद, "बिबट्याच्या तोंडी द्यायला का पोरगी शिकवली?" म्हणून वहिनींनाही बरोबर घेतले.

शनिवारी हार्बर गाडीने बेलापूर गाठले. तिथल्या डोंगरपायथ्याच्या कातळांवर मुंबईचे गिर्यारोहक सराव करतात. ओळखीच्या एका प्रशिक्षकांनी मुलांना हेल्मेट आणि कमरेचा पट्टा बांधला, दोर कसा धरायचा ते दाखवले. पहिला धडा असा, की जोर हातात नव्हे, पायात ठेवायचा. दोन हात, दोन पाय. त्यातले तीन पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. आणि खाली दोर धरणाऱ्याने वरच्यावरची नजर काढायची नाही.

पुतणी पंधराएक फूट वर गेली आणि पाय सटकला. वहिनींनी किंकाळी फोडली. पण दोराने तिला जागीच झेलले. क्षणभर लोंबकळली, मग कपारीत बोटे घालून पुन्हा चढू लागली. आमच्यातल्या एका काकांनीही हौस केली, ते चार फुटांवरूनच परतले. मुलांना हसायला विषय मिळाला!

रविवारी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान. दारापासून कान्हेरी लेणी सहाएक किलोमीटर. आम्ही बसने गेलो. पुतणी आणि दोघे मुलगे घड्याळ लावून चालत आले. कारण परीक्षेत मुलींना ३ किलोमीटर धावायचे आणि १६ किलोमीटर चार तासांत चालायचे असते. मुलांना ५ आणि २५.

कान्हेरीला एकाच डोंगरात शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे इथे भिक्खुसंघाचा वावर होता. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत तथागतांच्या दोन भव्य उभ्या मूर्ती आहेत. त्यांच्यासमोर आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले. शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची, सोनारांची, भिक्खुणींची दाने नोंदलेली आहेत. लेण्यालेण्याला पाण्याचे टाके, कातळात खोदलेल्या पायऱ्या. कालच्या दिवसाने एक कळले होते, की या दगडावर नुसते उभे राहायलाही किती कष्ट पडतात. तो ज्यांनी छिन्नी-हातोड्याने पोखरला, त्या हातांना मनोमन वंदन केले. मुलांना बजावले, की चढाई बाहेरच्या कातळावर, परवानगी घेऊन. लेण्यांच्या भिंतीवर पायही नको आणि नावही नको.

परतताना एक वनरक्षक ताई भेटल्या. वहिनींनी सरळ विचारले, "ताई, भीती नाही वाटत?"

त्या म्हणाल्या, "वाटते की! पण बिबट्या माणूस बघून बहुधा बाजूला होतो. त्रास वणव्याचा जास्त. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायच्या, पावसात गस्त घालायची. सणवार घरी मिळेलच असे नाही. पण बुद्ध पौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावर बसून जनावरे मोजायची, ती रात्र कुठल्या ऑफिसात मिळणार?"

वहिनी गप्प झाल्या. वैशाखी पौर्णिमेला विहारात खीर वाटणाऱ्या त्या. त्याच रात्री जंगलात असेही काम चालते, हे त्यांना ठाऊक नव्हते. गाडीत बसल्यावर लेकीला म्हणाल्या, "उद्यापासून पहाटे उठ. मी मैदानावर येते, घड्याळ माझ्या हातात दे."

या कामाची इच्छा असलेल्या मुलामुलींनी एवढे ध्यानात ठेवावे: वनरक्षकासाठी साधारणपणे बारावी लागते, तीही विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एखादा विषय घेऊन. पदवी असेल तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून वनक्षेत्रपाल, म्हणजे रेंजर, होता येते. उंची, वय, सवलती जाहिरातीत नीट वाचाव्यात. आणि अभ्यासाइतकाच पायांना सराव द्यावा. कान्हेरी सोमवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवून एखाद्या रविवारी घड्याळ लावून चालत जा. दोर धरायला घरचे माणूस मात्र बरोबर असू द्या.