दोन दिवसांची रजा

मराठी हा माझा विषय. परंतु सरकारी शाळेत विषयांच्या सीमा पाळून चालत नाही. भूगोलाचे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे येई, आणि मी जगाचा नकाशा फळ्यावर टांगून मुलांना एकेक देश शोधावयास सांगे. पेडणे तालुक्यातील एका शाळेत मी सहायक शिक्षक होतो त्या काळातली, १९९९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. ‘वेस्ट इंडीज दाखवा’ म्हटल्यावर वर्गात क्रिकेटपटूंच्या नावांचा कल्लोळ उठला. वेस्ट इंडीज हा एक देश आहे असा मुलांचा समज होता. माझाही त्याहून फारसा निराळा नव्हता. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून दहावीतला एक मुलगा उठून आला आणि दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर, समुद्रात, माशी बसावी एवढ्या एका ठिपक्यावर त्याने नेमके बोट ठेवले. “टोबॅगो. इथे यॉर्कचे घर.”

यॉर्क कोण, हे मला ठाऊक नव्हते. मुलाने आपल्या वहीचे वेष्टन दाखविले. वर्तमानपत्रातून कापलेले एका हसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूचे चित्र त्यावर भाताच्या शितांनी चिकटविलेले होते. मँचेस्टर युनायटेडने त्याच वर्षी इंग्लंडमधील दोन आणि युरोपातील एक अशा तीन मोठ्या स्पर्धा एका हंगामात जिंकल्या होत्या, आणि त्या संघाच्या आघाडीवर हा ड्वाइट यॉर्क होता. पुढे मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचीत गेलो. त्याला कारण तो मुलगा. आणि दुसरे कारण असे की, यॉर्कचा जन्म ३ नोव्हेंबर १९७१ चा आणि माझेही जन्मसाल तेच. समवयस्काचे चरित्र माणूस जरा निराळ्या डोळ्यांनी वाचतो.

त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन बेटे मिळून एक देश होतो. लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्या गोव्याएवढीच. त्यातही टोबॅगो धाकटे. तेथील वस्ती साठ हजारांच्या घरात. या बेटांवर क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हींचे वेड आहे, पण दोहोंत एक मोठा भेद आहे. क्रिकेटमध्ये ही सारी बेटे एकत्र येऊन वेस्ट इंडीज या नावाने खेळतात; त्या संघाला स्वतःचा असा देश नाही. फुटबॉलमध्ये मात्र प्रत्येक देश स्वतःचा संघ मैदानात उतरवितो. ब्रायन लारा आणि यॉर्क हे जिवलग मित्र. परंतु लारा ज्या टोपीसाठी खेळला ती अनेक देशांची मिळून होती, आणि यॉर्कच्या अंगावर चढलेला तांबडा सदरा त्याच्या एका देशाचा होता. १९६२ मध्ये स्वतंत्र झालेल्या, कित्येकांना नकाशात न सापडणाऱ्या देशातील पोराला हा सदरा म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना आपण बाहेरप्रांतीं राहणाऱ्या मंडळींनी करून पाहावी. ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ या प्रश्नाला सविस्तर उत्तर देण्याची सवय आपल्यालाही आहेच.

यॉर्क कनान या गावचा. बायबलातील वचनदत्त भूमीचे हे नाव. गावात मात्र तशी काही सुबत्ता नव्हती. यॉर्कचे कुटुंब मोठे आणि ओढगस्तीचे. त्याचे शिक्षण सिग्नल हिल येथील सरकारी माध्यमिक शाळेत झाले, आणि तेथेच बर्टिल सेंट क्लेअर या शिक्षकाची दृष्टी त्याच्यावर पडली. सेंट क्लेअर हे टोबॅगोतील मुलांना फुटबॉल शिकविणारे गुरुजी. त्या देशात शाळाशाळांमधील फुटबॉलच्या स्पर्धांना मोठा मान आहे. शाळेचा सामना म्हटला की गाव लोटते, आणि शाळकरी मुलाचे नाव वर्तमानपत्रात छापून येते. टोबॅगोच्या मुलाची अडचण अशी की, देशाचा कारभार, मोठी मैदाने, निवड करणारी माणसे हे सारे त्रिनिदादमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला. मध्ये समुद्र. स्कारबरोच्या धक्क्यावरून बोटीत बसले की काही तासांनी राजधानी दिसते. धाकट्या बेटावरचा मुलगा कितीही चांगला असला तरी कोणीतरी त्याचे नाव पलीकडे पोहोचविल्यावाचून ते पोहोचत नसे. ते पोहोचविण्याचे काम सेंट क्लेअर यांनी केले.

सतरा वर्षांच्या मुलाने राष्ट्रीय संघाच्या बोलावण्याची वाट पाहणे ही काय अवस्था असते, हे मी परीक्षांच्या निकालांवरून ताडू पाहतो, पण ते नीटसे जमत नाही. निकालाला तारीख असते. उत्तरपत्रिका लिहून झाली की विद्यार्थ्याच्या हाती काही उरत नाही आणि त्या हतबलतेतही एक विसावा असतो. खेळाडूचे तसे नाही. त्याची उत्तरपत्रिका रोज नव्याने लिहावयाची, आणि ती कोण, केव्हा तपासील हे त्याला कळत नाही. संघात त्याच्या जागेवर एक प्रौढ खेळाडू असतो. त्याचे पाय अजून थकलेले नसतात. मुलगा त्याचा भक्तही असतो आणि त्याच्या जागेची इच्छाही धरतो. घरी आई विचारते, ‘काही कळले का?’ आणि मग काही दिवसांनी विचारीनाशी होते.

यॉर्कला फार थांबावे लागले नाही. १९८९ हे साल त्याच्यासाठी सारे एकदम घेऊन आले. इंग्लंडचा अ‍ॅस्टन व्हिला हा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर आला असता त्याचे व्यवस्थापक ग्रॅहम टेलर यांनी या पोराचा खेळ पाहिला. पुढे १ लाख २० हजार पौंड देऊन त्यांनी त्याला इंग्लंडला नेले. (नऊ वर्षांनी मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी १ कोटी २६ लाख पौंड मोजले. फुटबॉलमध्ये माणसांच्या किमती अशा उघड बोलल्या जातात, हे माझ्या मास्तरी मनाला अजून रुचत नाही.) आणि त्याच १९८९ मध्ये देशाच्या थोरल्या संघाचे बोलावणे आले.

तो संघ साधा नव्हता. इटलीत १९९० मध्ये होणाऱ्या विश्वचषकाच्या उंबरठ्यावर तो येऊन ठेपला होता. प्रशिक्षक होते एव्हरल्ड कमिंग्ज. लोक त्यांना ‘गॅली’ म्हणत. ते स्वतः १९७३ च्या संघात खेळले होते. त्या वर्षी हैतीच्या राजधानीत यजमानांशी झालेला सामना त्रिनिदादने २-१ असा गमावला आणि विश्वचषकाला हैती गेला. त्या सामन्यात पंचांनी आपले चार गोल नाकारले, असे त्रिनिदादमध्ये आजही सांगतात. सोळा वर्षांचे ते शल्य घेऊन कमिंग्ज यांनी तरुण मुलांचा संघ बांधला होता. १९ नोव्हेंबर १९८९ ला पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय मैदानावर शेवटचा सामना अमेरिकेशी होता, आणि नुसती बरोबरी पुरेशी होती. सारा देश तांबडे कपडे लेवून बसला होता. यॉर्कला अठरावे वर्ष पुरे होऊन सोळा दिवस झाले होते.

सामन्याचा अर्धा तास होतो न होतो तोच पॉल कॅलिजुरी या अमेरिकन खेळाडूने दुरून डाव्या पायाने चेंडू मारला. तो उंच गेला आणि गोलरक्षकापुढे एकाएकी खाली आला. एवढा एकच गोल. उरलेला तासभर त्रिनिदादची मुले धडका देत राहिली. भिंत फुटली नाही. अमेरिका चाळीस वर्षांनी विश्वचषकाला गेली.

त्या दिवशी मैदानात क्षमतेहून अधिक माणसे दाटली होती. हरल्यावर त्यांनी काही मोडले नाही, कोणावर हात टाकला नाही. जिंकणाऱ्यांसाठी टाळ्या वाजविल्या. जागतिक फुटबॉल संघटनेने त्या वर्षीचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार या प्रेक्षकांना दिला. मला मात्र तो पुरस्कार वाचताना त्या अठरा वर्षांच्या मुलाचे वाटत राहते. प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जाऊ शकतात.

पुढचे बोलावणे यायला सोळा वर्षे लागली. १६ नोव्हेंबर २००५ ला बहारीनमध्ये डेनिस लॉरेन्सने डोक्याने गोल केला आणि त्रिनिदाद-टोबॅगो प्रथमच विश्वचषकाला गेले. त्या वेळेपर्यंत तेथे पोहोचलेल्या देशांत ते लोकसंख्येने सर्वांत लहान होते. (२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच समुद्रातील कुरसाव या बेटाने पात्रता मिळवून हा मान आणखीच लहान केला, तेथील वस्ती जेमतेम दीड लाख आहे. त्या संघातील बहुतेक मुले हॉलंडात जन्मलेली. आजच्या कॅरिबियन मुलापुढे, मला कोण बोलावील, यासोबत मी कोणाचे बोलावणे स्वीकारू, हाही प्रश्न असतो.) १० जून २००६ ला जर्मनीतील डोर्टमुंड येथे स्वीडनशी पहिला सामना झाला. संघनायक यॉर्क. वय चौतीस; आता आघाडीवर न राहता मधल्या फळीत उभा. गोलरक्षक केल्विन जॅक सरावातच जायबंदी झाला आणि शाका हिस्लॉपला ऐन वेळी उतरावे लागले. उत्तरार्ध सुरू होताच एक खेळाडू पंचांनी बाहेर काढला. दहा जणांनी स्वीडनला गोल करू दिला नाही. १९८९ च्या पराभूत संघातले यॉर्क आणि रसेल लाटापी हे दोघेच त्या विश्वचषकापर्यंत टिकले. सदतीस वर्षांच्या लाटापीला शेवटच्या सामन्यात थोडा वेळ मिळाला.

या कथेतील एक तपशील मला आनंदाच्या भरातही बोचतो. त्या पात्रता फेरीच्या आरंभी राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक कोण होते? तेच बर्टिल सेंट क्लेअर, सिग्नल हिलचे. सुरुवातीचे सामने वाईट गेले आणि २००५ मध्ये त्यांना दूर करून लिओ बेनहाकर या नामवंत डच प्रशिक्षकाला आणले गेले. निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. संघ जर्मनीला पोहोचला. पण कनानच्या मुलाला ज्यांनी समुद्रापलीकडे पोहोचविले, ते गुरुजी त्याच्या सर्वोच्च दिवशी संघासोबत नव्हते. शिक्षकाच्या पेशात हे असे घडावयाचेच, असे म्हणून मी पुस्तक मिटतो. आणि मग मला माझ्या वर्गातला तो मुलगा आठवतो, आणि सेंट क्लेअरांच्या पंक्तीला बसण्याचा आपल्याला काही अधिकार नाही याची जाणीव होते.

२००० च्या जानेवारीत तो माझ्याकडे रजेचा अर्ज घेऊन आला. राज्याच्या कुमार संघाची निवड चाचणी म्हापशाला होती. कापणीनंतर मोकळ्या पडलेल्या मळ्यांत अनवाणी खेळून तयार झालेला हा पोर. त्याचे नाव कोणीतरी तेथवर पोहोचविले होते. पण त्याच आठवड्यात दहावीची पूर्वपरीक्षा होती आणि मी त्याचा वर्गशिक्षक. मुलगा गणितात कच्चा, बाप शेतकरी, घरात दहावी झालेले कोणी नाही. मी म्हणालो, “आधी परीक्षा.” तो म्हणाला, “सर, दोनच दिवस.” मी अर्ज परत दिला. तो वाद घालणारा मुलगा नव्हता. परीक्षेला बसला, मार्चमध्ये पासही झाला. शाळेचा निकाल त्या वर्षी चांगला लागला आणि माझे कौतुक झाले. त्याचे नाव नंतर कोणत्याही चाचणीच्या यादीत आले नाही.

आज तो मालवाहू टेंपो चालवितो. बदल्यांच्या फेऱ्यात मी त्याच तालुक्यात मुख्याध्यापक होऊन परतलो, आणि गेल्या वर्षी तो पालक म्हणून माझ्या कचेरीत आला. मुलगा नववीत, तोही फुटबॉल खेळणारा. निवड चाचणीसाठी दोन दिवसांची रजा हवी होती. मी अर्ज पुरता वाचण्यापूर्वीच सही केली. तोच चपापला. “सर, सोमवारपासून चाचणी परीक्षा आहे त्याची.”

“शाळेचीच परीक्षा. दोन पेपर मागाहून घेता येतील.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग साध्या स्वरात, जणू एखाद्या नियमाची चौकशी करावी तसे, त्याने विचारले, “तेव्हाही घेता आले असते का, सर?”

“आले असते,” मी म्हणालो.

त्याने मान हलविली, अर्जाची घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुलाला हाक मारली. मुलाची त्या खेपेस निवड झाली नाही. दोन्ही पेपर त्याने नंतर, माझ्याच कचेरीतल्या कोपऱ्यात बसून लिहिले.