सासवडला! चालत! मी!

हसू नका. मी पुण्याहून सासवडला चालत गेले! जवळजवळ ३० किलोमीटर! कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तर स्कूटर काढणारी मी! एवढी वर्षं पालखी आली की मी फक्त रस्ता बंद म्हणून कुरकुरायचे, आणि यंदा शेजारच्या काकू म्हणाल्या, "चल की एक दिवस," आणि मग काय!

मला वारीतलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आणि तुकोबांची पालखी हडपसरपर्यंतच एका वाटेनं जातात, तिथून तुकोबा लोणी काळभोरकडे वळतात नि माऊली दिवे घाटाकडे, एवढंही मला माहीत नव्हतं! मी तर दुसऱ्याच गर्दीबरोबर लोणीला निघाले होते! काकूंनी ओढणीला धरून मागं खेचलं!

आणि मग फुरसुंगीच्या आसपास मी काकूंनाच हरवलं. रडवेली होऊन एका आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "रथाम्होरं का रथामागं?" म्हणजे? अहो, पत्ता! इथला पत्ताच तो! रथापुढे २७ दिंड्या, मागे दोनशेच्या वर, प्रत्येकीला नंबर! एवढ्या माणसांत नुसत्या नंबरावर माणूस सापडतो! मला काकूंचा नंबर ठाऊक नव्हता, ते सोडा. आजींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन होतं, एक हात त्याला, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी मला आपल्या रांगेत घेतलं. "ताल धर माय, पाय आपसूक येत्यात." आले! खरंच आले! टाळाच्या ठेक्यावर वडकीपर्यंत कधी पोचले, कळलंच नाही!

एकादशी होती, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. किती खाल्लं ते विचारू नका. याला उपास म्हणतात!

आणि मग घाट! गाडीतून दहादा पाहिलेला दिवे घाट! रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या, वळणावळणावर पताका, खाली मस्तानी तलाव, वरून पाऊस, आणि मी धापा टाकत थांबले की मागून कुणीतरी "चला माऊली!" मी माऊली! ऑफिसात मला "अहो मॅडम, फाईल" असं म्हणतात! समोर सत्तरीचे एक आजोबा पखवाज गळ्यात अडकवून चढत होते, वाजवत! मी नुसती ओढणी सांभाळत होते आणि तरी दमले होते!

पण खरी गंमत सासवडला! (सोपानदेवांची समाधी इथंच, धाकट्या भावाच्या गावात माऊली दोन रात्री राहतात. किती गोड!) तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळमृदंगांचा नुसता कल्लोळ, आणि मग चोपदारांनी दंड वर केला आणि चिडीचूप! हजारो माणसं! आमच्या सोसायटीच्या बैठकीत बावीस माणसं गप्प बसत नाहीत! आणि त्या शांततेत एक दिंडी मात्र टाळ वाजवतच राहिली. मला वाटलं, ह्यांना दिसलं नाही वाटतं! नाही हो! त्यांची तक्रार होती! काही अडचण असेल तर टाळ थांबवायचे नाहीत, चोपदार येऊन विचारतात, तोडगा निघतो, मग टाळ थांबतात! अर्ज नाही, सही नाही, आरडाओरडा नाही! टाळ!

पुढे हरवल्या-सापडल्याची यादी वाचली. पिशव्या, चष्मे, कुणाचा तरी टाळ. मी हळूच कान टवकारले, पण काकूंनी मला हरवलेल्या वस्तूंत दिलेलं नव्हतं. त्या मागेच उभ्या होत्या!

आता पाय गरम पाण्यात आहेत, दोन्ही टाचांना फोड. सासवडहून परवा पालखी जेजुरीला निघणार. सोळा-सतराच किलोमीटर! अर्धंच की हो! मी चपला पंख्याखाली वाळत घातल्यात. तुमच्या चपलेचा नंबर काय?