उभं राहता येईल एवढी गाडी

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार. लाभपाचम

दिवाळीनंतर आज बाजार उघडला. कडोदऱ्याच्या पुढे बस-टेम्पोच्या बॉड्या बांधणाऱ्यांच्या शेड आहेत. त्यांतल्या एकाने मुहूर्ताच्या दिवशी या म्हणून सांगितलं होतं, म्हणून सुरतेच्या उधन्याहून सकाळीच निघालो. शेडमध्ये एक तयार मोटारहोम उभं होतं. आत सोफा, भिंतीला टीव्ही, छताला निळे दिवे आणि एक टनाचा एसी. सुतारकाम सफाईदार. ह्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि एकच विचारलं, "हा एसी गाडीच्या बॅटरीवर किती तास चालेल?" मालक म्हणाला, "काका, रात्री तर हॉटेलच्या कंपाउंडमध्येच लावणार ना? तिथं प्लग मिळून जातो."

आमचा बेत नेमका उलटा आहे. मी शहाद्याची, हे अमळनेरचे. पोटापाण्यासाठी तापीच्या पाठोपाठ खाली आलेली आमच्यासारखी कितीतरी खानदेशी कुटुंबं लिंबायत, उधना, डिंडोलीत आहेत. आता दोघंही निवृत्त झालो, तर हीच नदी उलटी चढत जायची आहे. डुमसपासून बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईपर्यंत, सव्वासातशे किलोमीटर. प्रकाशाला मुक्काम, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर मुक्काम, मन रमेल तिथं पंधरा-पंधरा दिवस. ते जमलं तर पुढे कच्छ, मग हिमाचल. यातल्या बहुतेक ठिकाणी प्लग नाही.

संध्याकाळी टीव्हीवर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. हलक्या मोटारीचं लायसन असलेल्या माणसाला साडेसात हजार किलोपर्यंतची व्यावसायिक गाडीही चालवता येईल, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं. टुरिस्टवाल्याची पिवळ्या पाटीची जुनी गाडी घेतली, तर ती आमच्या नावावर खासगी होईपर्यंत ह्यांना चालवता येईल की नाही, ही धाकधूक होती. ती गेली.

१० नोव्हेंबर, रविवार

माझी पहिली अट, आत ताठ उभं राहता आलं पाहिजे. दोन दिवसांच्या सहलीत वाकून चालतं. महिनाभर वाकून साडी नेसायची, वाकून कणीक मळायची, हे साठीनंतरच्या कंबरेला झेपणारं नाही. या अटीवर ईको लगेच बाद झाली, जरी ती स्वस्त आणि कुठंही दुरुस्त होणारी असली तरी. पिकअपच्या पाठीवर डबा ठेवायचा पर्यायही बाद: पुढे बसून मागचा चहा हवा तर पावसात उतरून जावं लागतं.

मग उरल्या विंगर आणि ट्रॅव्हलर या दोन व्हॅन. विंगरची पायरी बुटकी आहे, चढायला सोपी, ते मला फार आवडलं. पण ह्यांनी दाखवून दिलं की तिची पुढची चाकं ओढतात. पाण्याची टाकी, पलंग, कपाटं यांचं ओझं मागे पडलं की पुढची चाकं हलकी होतात, आणि ओल्या मातीच्या चढावर जागच्या जागी फिरतात. नदीकाठच्या वाटा म्हणजे ओल्या मातीचे चढच. ट्रॅव्हलरला मागची चाकं ढकलतात. शिवाय यात्रेकरूंच्या गाड्या देशभर त्याच, त्यामुळे तालुक्याच्या गावीही तिचा मिस्त्री आणि सुटे भाग सापडतात. मूळची ती मर्सिडीजची जुनी युरोपी व्हॅन. बजाज टेम्पोने ती इथं आणली, त्याच कंपनीचं नाव पुढे फोर्स झालं. तिच्या व्हीलबेसांत ३०५०, ३३५० आणि ४०२० मिलिमीटर हे येतात. मधला घ्यायचा असं दोघांच्याही मनात आलं. लांब गाडीत खोली मोठी होते, पण गावातल्या गल्लीत वळत नाही आणि ओढ्यातून वर येताना तिची शेपटी जमिनीला घासते.

फोर-व्हील ड्राइव्हचा आग्रह भाच्याने धरला होता. डुमसला भरतीच्या वेळी वाळूत रुतलेल्या गाड्या आम्ही पाहिल्यात. त्यावरचा उपाय वाळूत गाडी न घालणं हा आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दिल्लीच्या धुराच्या बातम्या. निर्बंध चौथ्या पायरीवर गेलेत. बीएस-४ डिझेल गाड्या तर तिसऱ्या पायरीपासूनच बंद होतात, आणि सध्याच्या, २०२४च्या, नियमाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली-एनसीआरमध्ये बाराही महिने बंदी. हिमाचलची नेहमीची वाट तिकडूनच जाते. म्हणून जुनी घ्यायची तरी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ घ्यायची, असा ह्यांचा विचार. बीएस-४ ला इलेक्ट्रॉनिक कटकट कमी असते, हेही खरं. आधी तापीकाठ करायचा आहे आणि तिथं दिल्लीचा नियम लागत नाही, असं मी म्हणून पाहिलं. पण गाडी एका प्रवासासाठी घेत नाही आपण, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीएस-६ ठरली.

१ डिसेंबर, रविवार

आज वहीत विजेचा हिशेब झाला. पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये ह्यांनी उभी हयात इलेक्ट्रिक मेंटेनन्समध्ये काढली, त्यामुळे प्रत्येक वस्तूपुढे वॅट लिहिल्याशिवाय ती वस्तू गाडीत जाणार नाही.

बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज दिवसाला साधारण अर्धा युनिट खाईल. सुरतेच्या उन्हाळ्यात थोडा जास्त. पंचवीस वॅटचे दोन बीएलडीसी पंखे दहा तास चालले की अर्धा युनिट. दिवे, फोन, पाण्याचा पंप आणि माझा मिक्सर मिळून पाव ते तीन दशांश युनिट. म्हणजे दिवसाला सव्वा ते दीड युनिट. दोनशे अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अडीच युनिट साठवते आणि त्यातलं बहुतेक सगळं वापरता येतं. दीड दिवस ढगाळ गेला तरी निभावेल. लेड-अॅसिड घेतली तर तिचं आयुष्य टिकवायला निम्म्यावरच थांबावं लागतं, आणि वजन दुपटीहून जास्त. पैसे तिथं वाचवायचे नाहीत, हे ठरलं. लिथियमचंही एक पथ्य आहे: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. स्पितीसारख्या ठिकाणी बॅटरी गाडीच्या आतच, पलंगाखाली हवी.

आता तो एसी. एक टनाचा एसी रात्रभरात पाचेक युनिट घेतो. म्हणजे आमची भरलेली बॅटरी निम्म्या रात्रीतच संपेल. त्यासाठी बॅटरी दुप्पट-तिप्पट, मग ती भरायला छतावर मावणार नाहीत इतकी पॅनेलं, मग जनरेटर, मग त्याचं डिझेल आणि आवाज. एका एसीपायी अख्खी गाडी बदलते. मोटारहोम घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन की आधी रात्रीच्या गारव्याचं ठरवा, बाकी गाडी आपोआप ठरते.

आमचा गारवा तीन गोष्टींतून यायचा आहे: सावली, वारा आणि पत्र्याला आतून अस्तर. अस्तराबद्दल ह्यांचं मत पक्कं आहे. मिलमध्ये एसीच्या डक्टला काळी नायट्राइल रबराची शीट लावतात, तीच. बंद पेशींची असल्याने तिच्यात पाणी मुरत नाही. काचलोकर स्वस्त पडते, पण सुरतेच्या दमट हवेत ओल धरते आणि पत्रा आतून गंजवते. आणि मे महिन्यात आम्ही मैदानात राहणारच नाही. चाकं आहेत, तर वर जायचं.

८ डिसेंबर, रविवार

भाच्याची ईको घेऊन शनिवार-रविवार उकाईकडे जाऊन आलो. मागची सीट काढून गादी टाकली होती. विकत घेण्याआधी रस्त्याकडेला झोपून पाहणं मला आवश्यक वाटत होतं.

बारडोली-व्यारा पट्ट्यात ऊसतोड सुरू आहे. कालव्याजवळ एक पडाव दिसला, नवापूर-धडगावकडच्या कोयता मजुरांचा. बैलगाड्या, बांबूवर ताणलेलं निळं प्लास्टिक, पाचटाच्या भिंती. मी उतरून बोलायला गेले. शहाद्याची म्हटल्यावर एका बाईने खाट पुढे केली. तिचा संसार मी जवळून पाहिला. पाल उंचवट्यावर, दाराकडून बाहेर उतार केलेला. चूल वाऱ्याला पाठ देऊन. पिण्याचं पाणी शेतमालकाच्या बोअरचं, झाकलेल्या हंड्यात, कपड्यांना कालव्याचं, आणि भांड्यांना दोन घमेली, पहिल्यात राखेचं, दुसऱ्यात स्वच्छ. दुसऱ्यातलं पाणी पुढच्या वेळी पहिल्यात जातं. पाच माणसांची भांडी एका बालदीत निघाली.

ती हौसेने तिथं राहत नाही. दिवाळीनंतर येऊन उन्हाळ्यात परतायचं, उचल फेडायची, पोरांची शाळा बुडायची. आम्ही ज्याला मोकळं राहणं म्हणतो ते तिच्यावर लादलेलं आहे, आणि या दोन गोष्टींची मी कधी सरमिसळ करणार नाही. पण वीज-नळाशिवाय घर कसं चालवायचं, हे काल मला कुठल्या शोरूमपेक्षा तिच्याकडून जास्त कळलं. निघताना तिने ऊस दिला. घरच्या लाडवांचा डबा मी तिथंच ठेवला.

रात्री तलावाकाठच्या गावात सरपंचांना विचारून देवळाच्या पटांगणात गाडी लावली. विचारलं की गाव आपलं म्हणतं. न विचारता अंधारात उभं राहिलं की टॉर्च घेऊन माणसं येतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

पहाटे मात्र संडासाचा प्रश्न आला, आणि तिथं माझी दुसरी अट पक्की झाली. पुरुष डबा घेऊन कुठंही जातील. बाईने अंधार होईपर्यंत पाणी पिणं टाळायचं, हे माझ्या आईने केलं, मी केलं, आता बस. गाडीत बंद दाराचा, टाकी काढून नेता येणारा कॅसेट संडास असणारच. दोन-तीन दिवसांनी ती टाकी गावातल्या संडासात रिकामी करायची, शेतात किंवा नदीत कधीच नाही.

पाण्याची टाकी एकशेवीस लिटरची बस. ते एकशेवीस किलो झाले, म्हणून ती पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध, खाली. काही जण छतावर टाकी बसवतात. वळणावर तेवढं वजन डोक्यावर घेऊन गाडी झुकते, मला ते पटत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

जुनी ट्रॅव्हलर पाहिली. रंग चकचकीत, सीट नव्या. ह्यांनी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढून काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी करडी रेघ होती, वाळलेल्या गाळाची. मग फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडलं, तर तांब्यावर हिरवा थर. खाडीपुरात उभी राहिलेली गाडी. सुरतेत जुनी गाडी घेणाऱ्याने हा पट्टा ओढून पाहावाच. दलाल म्हणाला, "वॉशिंगचं पाणी असेल." आम्ही हात जोडून निघालो.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. उत्तरायण

गच्चीवर पतंग, खाली उंधियू-जिलबी, आणि एका कोपऱ्यात ह्यांचं दोनशे वॅटचं पॅनेल. भर दुपारी सपाट ठेवलं तर मीटर सव्वाशे वॅटच्या आसपास. दक्षिणेकडे उतरतं धरलं की एकशेसाठच्या वर. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, आणि आपण जास्त करून फिरणार हिवाळ्यातच. तेव्हा छतावर दोन पॅनेलं बिजागरीवर बसवायची, मुक्कामी पोचलं की टेकू द्यायचा. मात्र सावलीत गाडी आणि उन्हात पॅनेल हे दोन्ही एकदम साधत नाही. म्हणून तिसरं पॅनेल सुटं, लांब वायरचं. बॅटरी चालत्या इंजिनवरही भरावी म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर. त्याची किंमत पाहून मी गप्प बसले, पण तो लागणारच आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

गाडी ठरली. बारडोलीच्या एका टुरिस्टवाल्याची, ३३५०ची, उंच छताची, बीएस-६. पट्टे शेवटपर्यंत स्वच्छ. काल टोकन दिलं.

आता कागद. एकाने "आधी बनवून घ्या, आरटीओचं नंतर बघू" असा सल्ला दिला होता. तो मानायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत बदल करायचा तर परवानगी आधी लागते, आणि नोंद नसलेला बदल असला की अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही बिगर-व्यावसायिक वाहनांच्या यादीत आहे, आणि मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्यात बसणारं काम करणाराच बॉडीवाला निवडायचा, भले महिना उशीर होवो.

गच्चीवर खडूने गाडीचा पाया आखला, खऱ्या मापाने. ह्यांना पलंग लांबीला हवा होता, मला आडवा. आडवा केला तर ह्यांचे पाय भिंतीला टेकतात, म्हणून लांबीचाच झाला. त्या बदल्यात ओटा सरकत्या दाराशी मिळाला. दार डावीकडे, म्हणजे रस्त्याकडे पाठ करून काठाकडे तोंड. पोळ्या करताना मला नदी दिसेल.

उद्या परमिट सरेंडर करायला आणि बँकेची एनओसी द्यायला आरटीओकडे. गॅसचं अजून ठरलेलं नाही. इंडक्शन पूर्ण जोरात चालवलं तर बॅटरीतून दीडशे अँपिअर ओढतं, ते ह्यांना नको. पाच किलोचं छोटू सिलिंडर चालेल, पण त्याला खालून जाळी असलेली, बाहेरून उघडणारी वेगळी पेटी हवी. गळालेला गॅस जड असतो, तो खाली साचतो. ती पेटी खडूच्या आखणीत अजून कुठंच बसत नाही.