चूल पाहायला गेलेल्या बायका

कारधा, ता. भंडारा
गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस

चि. रेवास,


तुझा निरोप मी दोनदा ऐकला. एकदा काल रात्री, आणि एकदा आज सकाळी चहा ठेवून. नागपूरच्या ख्रिस्ती सिस्टरांसोबत दोन दिवस दुभाषी म्हणून गेलीस, सुट्टी मोडलीस, त्यांच्या बॅगा उचलल्यास, हे सगळं माझ्या कानावर तुझ्याआधीच आलं होतं. मला फोन करून त्यातल्या एकीने तुझं इतकं कौतुक केलं की मी म्हटलं, ही आमचीच रेवा ना?

पण तुझा प्रश्न मनात राहिला. तिकडे फ्रान्समध्ये लिऑनहून गाडी बदलून ल पुईला गेलात, डोंगरावरचं चर्च पाहिलं, काळी मेरी पाहिली, सुळक्याच्या टोकावरच्या देवळाच्या २६८ पायऱ्या चढलात, आणि तिथे कोणी रडलं नाही. मग एका जुन्या घराच्या स्वयंपाकघरात नेलं. दगडी भिंती, एक मोठी विझलेली चूल, बस्स. आणि तिथे सत्तरीच्या बाया अर्धा तास उभ्या राहिल्या, दोघी-तिघींनी डोळे पुसले. "आत्या, त्यात होतं काय?" असं विचारलंस. फोनवर सांगण्यासारखं नाही ते. म्हणून लिहिते.

आधी तुझ्या आजीची गोष्ट. १९७८ साली मी बी.एड.साठी नागपूरला सिस्टरांच्या वसतिगृहात राहायला गेले, तेव्हा आई सोडायला आली होती. दारात पांढऱ्या साडीतली एक सिस्टर उभी, असेल पंचविशीची. आईने तिच्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "बाई, इतक्या कवळ्या वयात पांढरं लुगडं? कोन गेलं वं तुमचं?" मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. सिस्टर मात्र खळखळून हसली. म्हणाली, "माय, तुम्ही बरोबर ओळखलंत. आमच्या पहिल्या बाया खरोखरच विधवेच्या कपड्यात निघाल्या होत्या." पुढे दोन वर्षं संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती मला हा इतिहास तुकड्यातुकड्याने सांगत राहिली. मी त्या धर्मातली नाही, तिने मला कधी त्या वाटेला लावायचा प्रयत्नही केला नाही. मेथीच्या जुड्या मात्र भरपूर निवडून घेतल्या.

तर ऐक. साल १६५०. फ्रान्समध्ये राजा अजून पोरगा, दरबारी आणि सरदार एकमेकांच्या उरावर बसलेले, दुष्काळ, रोगराई, करांचा बोजा. ल पुई म्हणजे ज्वालामुखीच्या दगडांवर बसलेलं गाव. तिथल्या बाया दारात बसून लेस विणायच्या, मांडीवर उशी, उशीवर टाचण्या, आणि दोऱ्यांना लाकडी फिरक्या. घर त्याच्यावर चालायचं. १६४० साली तुलूजच्या न्यायालयाने हुकूम काढला की सामान्य माणसाने लेस अंगावर घालू नये, मोठ्या-छोट्यात फरक राहत नाही म्हणे! झालं, हजारो हातांचं काम एका कागदाने गेलं. तेव्हा जाँ-फ्राँस्वा रेजी नावाचा जेजुइट पाद्री त्या बायांच्या बाजूने उभा राहिला आणि हुकूम मागे घ्यायला लावला. आज तो लेस विणणाऱ्यांचा संत आहे. तुमच्या गाईडने ते सांगितलं की नाही कोण जाणे, गाईड लोक पुतळ्याची उंची सांगण्यात रमतात.

आता त्या काळी बाईला देवाच्या कामाला वाहून घ्यायचं तर एकच रस्ता होता, मठाच्या भिंतीआड. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने ते पक्कं केलं होतं. जोगीण म्हणजे बंद दार. नागपूरच्या एसएफएस शाळेला ज्याचं नाव आहे ना, त्या संत फ्रान्सिस द सेल्सने १६१० साली आनसी गावात बायांचा एक संघ काढला, त्यांनी घरोघरी जाऊन आजाऱ्यांना पाहावं असं त्याच्या मनात होतं. थोड्याच वर्षांत वरून दबाव आला आणि त्या बायाही भिंतीआड गेल्या. चांगल्या कल्पनेचं असं होतं कधीकधी, कल्पना जगते आणि पाय बांधले जातात.

चाळीस वर्षांनी दुसऱ्या एका जेजुइटने, जाँ-पिएर मेदायने, ती सुटलेली दोरी पुन्हा हातात घेतली. तो गावोगाव प्रवचनं करत हिंडायचा, आणि जिथे जाईल तिथे त्याला अशा बाया भेटायच्या ज्यांच्याकडे मठात जाण्याइतका हुंडा नव्हता (हो, मठात जायलाही हुंडा लागायचा, तुझ्या आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "देवबी सुटला नाही वं!"), पण काम करायची तळमळ होती. ल पुईच्या बिशप द मोपाने त्याला साथ दिली. तिथल्या अनाथ पोरींचा आश्रम फ्राँस्वाज एरो नावाची बाई चालवत होती. तिच्याभोवती आणखी पाचजणी जमल्या. बहुतेकींना सही करता येत नव्हती. क्लोदा शास्तेल तर खरीच विधवा होती. १५ ऑक्टोबर १६५० ला बिशपने त्या सहाजणींना एकत्र बांधलं आणि तो आश्रम त्यांच्या हवाली केला. ते स्वयंपाकघर त्याच आश्रमाचं. तिथे अनाथ पोरींचं सूप शिजायचं, आणि तिथेच या सहाजणी शेकत बसून उद्या कोणत्या गल्लीत जायचं ते ठरवायच्या. त्यांच्या नियमातच होतं की गावाचे भाग पाडायचे, एकेकीने एकेक भाग घ्यायचा, आणि तिथे कोण उपाशी आहे, कोण आजारी, कोणाचं घर मोडायला आलंय याची माहिती काढायची. त्यांच्या बोलण्यात सारखा एक शब्द यायचा, शेजारी. प्रिय शेजारी. परमेश्वर वगैरे मोठं प्रकरण त्याच्यामागून.

आणि कपडे? जोगिणींचे घातले तर भिंतीआड ढकलतील. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याची परवानगी लागे, कुमारीला बापाची. रस्त्यावर एकटी बिनधास्त हिंडू शकायची ती फक्त विधवा. म्हणून त्यांनी त्या काळच्या फ्रेंच विधवेचा साधा काळा पोशाख उचलला. पुढे शंभर-दोनशे वर्षांत तोच पोशाख सिस्टरांचा गणवेश झाला आणि त्याचं मूळ लोक विसरले. रेवा, मी वसतिगृहात हे ऐकलं त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्याकडे पांढरं लुगडं अंगावर आलं की बाईची वाट बंद व्हायची. माझ्या मोठ्या आत्याने उरलेलं आयुष्य मागच्या पडवीत काढलं. आणि तिकडे त्याच वेशात सहाजणींनी दार उघडून घेतलं. आईने चुकून मारलेला दगड किती नेमका लागला होता!

अनाथ पोरींना त्यांनी शिकवलं काय, तर लेस. हातात कसब असेल तर पोट भरेल, पोट भरलं तर अंग विकावं लागणार नाही, इतका सरळ हिशेब.

पुढची दीडशे वर्षं भरभर सांगते. खेड्याखेड्यांत दोघी-तिघींची छोटी घरं झाली. मग फ्रेंच राज्यक्रांती आली, घरं जप्त झाली, काहीजणी गिलोटिनवर गेल्या. जान फाँबॉन नावाची एक सिस्टर तुरुंगात मरणाची वाट पाहत होती, तेवढ्यात १७९४ च्या जुलैत रोबेस्पिएरचंच डोकं उडालं आणि ती सुटली. तेरा वर्षांनी, १८०७ साली, सेंत-एतियेनमध्ये तिने बाराजणींना घेऊन पुन्हा सुरुवात केली. लिऑन, शांबेरी, आनसी, सगळ्या फांद्या तिथून फुटल्या. १८३६ ला सहाजणी अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. आणि सेंत-एतियेन म्हणजे तू रोज ज्या गाडीची वेळ पाहतेस ना, ती जिथून जाते तेच गाव.

हिंदुस्थानात त्या आल्या १८४९ ला, आनसीहून. चौघीजणी. आणि उतरल्या कुठे, तर यानमला. तेव्हा ते फ्रेंचांचं होतं. त्यांच्याआधी तीन वर्षं आनसीचेच पाद्री विशाखापट्टणमला पोचले होते, आणि तेव्हा नागपूर, कामठी हा सगळा मुलूख धर्माच्या हिशेबात विशाखापट्टणमच्या खाली यायचा. नागपूरला स्वतंत्र बिशप मिळाला तो १८८७ मध्ये. मुंबईची रेल्वे नागपूरला १८६७ ला आली. त्याआधी समुद्राकडून इकडे यायचं म्हणजे जंगलातून बैलगाडी, ताप आणि नद्या.

म्हणजे बघ, ज्या सिस्टरांना तू ल पुईला नेलंस, त्या आमच्याकडच्या शाळांत पोरींना गणित शिकवून म्हाताऱ्या झालेल्या बाया. कुणी झारखंडची, कुणी केरळची, कुणी इथलीच. फ्रेंच बाई त्यांनी पुस्तकात पाहिलेली. त्यांना आयुष्यभर सांगितलं गेलं, आपली सुरुवात एका स्वयंपाकघरात झाली. आणि खरोखर ते होतं, धुराने काळं झालेलं. कथेतली चूल हाताला लागते तेव्हा माणसाचं काय होतं हे मला समजतं.

तुला आठवतं, लहानपणी तुला रिद्धपूरला नेलं होतं? तिथे तुझे बाबा एका साध्या ओट्यापुढे दंडवत घालत होते आणि तू विचारलंस, "मूर्ती कुठे आहे?" आपल्या महानुभावांत हेच तर आहे. स्वामी इथे बसले, इथे जेवले, इथे निजले, एवढंच. त्याची नोंद ठेवायला आपल्या लोकांनी अख्खी स्थानपोथी लिहिली. चक्रधरस्वामींनी बायांना संन्यास दिला, त्यांचं बोलणं ऐकून घेतलं, महदाइसा प्रश्नांवर प्रश्न विचारायची. ते तेराव्या शतकात. नीळभट भांडारेकर त्यांच्या मागे गेले ते आपल्या भंडाऱ्यातूनच. मग मी सिस्टरांच्या चुलीला हसू कशी?

आता एक गोष्ट, जी मला परवा नदीवर सुचली आणि मी एकटीच हसले. आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाच्या एका कुंडातून निघते. मी गेले आहे तिथे, ओंजळीत मावेल एवढं पाणी. ती इथे कारध्याच्या पुलाखालून जाते, पुढे गोसीखुर्दला अडते, वर्धेला मिळून प्राणहिता होते, मग गोदावरी, आणि गोदावरीची गौतमी फांदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी गाव कोणतं? यानम. त्या चौघी जिथे उतरल्या तिथे त्यांनी पहिलं गोडं पाणी प्यायलं असेल तर त्यात आपल्या घाटाचे चार थेंब असायला हरकत नाही. तुझं कौतुक करणाऱ्या त्या सिस्टरला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी आधी यानमला जाऊ, तुम्ही चला. मी हो म्हटलंय. गुडघ्यांना अजून विचारलेलं नाही.

इकडे पाऊस थांबायचं नाव नाही. पुलावरची धोक्याची रेघ २४५.५० मीटरची, पाणी अजून खाली आहे, पण पोरं रोज जाऊन बघून येतात. २०२० चा पूर कुणी विसरलेलं नाही. तुझ्या बाबांनी खालच्या खोलीतली लाखोरीची पोती वर ठेवली.

तिथली हिरवी मसूर पाठवू नकोस, कस्टममध्ये अडकते. त्यापेक्षा बाजारात कुणी म्हातारी उशीवर लेस विणत बसलेली दिसली तर तिच्या हाताचा व्हिडिओ काढ, तोंडाचा नको. फिरक्या कशा पडतात ते मला बघायचंय.

तुझी
आत्या