होडी पाण्यावर चढली

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. त्या दिवशी मी आणि माझी अम्मी एका नातेवाइकांच्या घरी वरच्या मजल्यावर अडकलो होतो. शेवटी एक रबरी होडी जिन्यापाशी आली आणि आमची सुटका झाली. पुढे आमच्या गावातल्या तरुणांनी वर्गणी काढून तशीच एक जुनी होडी घेतली. मला पोहता येत नाही, तरी मीही त्यांच्यात सामील झालो.

एका रविवारी आम्ही चौघे दाभोळच्या खाडीत सरावाला गेलो. होडी लहान होती. मागे 20 अश्वशक्तीचे इंजिन होते. जाताना ओहोटीच्या पाण्याने आम्हांला सहज नेले. परतताना मात्र तेच पाणी समोरून येऊ लागले. सलीमने इंजिनाची मूठ पूर्ण पिळली. इंजिन ओरडू लागले, होडीचे नाक आकाशाकडे गेले आणि मागचा भाग खाली बसला. पाणी ढकलत होडी कशीबशी सरकत होती. समोरचे काही दिसेना. पेट्रोल संपत चालले होते, सूर्य कलला होता आणि काठाचा चिखल उघडा पडू लागला होता.

आमच्याबरोबर हमीदचाचा होते. त्यांचे आयुष्य जहाजावर गेले होते. ते म्हणाले, "सलीम, इंजिन बंद कर. जोर कमी नाही, वजन चुकीच्या जागी आहे."

त्यांनी अंगठ्याने होडीची नळी दाबून पाहिली. ती मऊ लागली. दुपारी उन्हात भरलेली हवा पाण्यात थंड झाली होती आणि तिचा दाब उतरला होता. मऊ होडी मध्येच वाकते. आम्ही पायपंपाने हवा भरली. तळातले पाणी उपसले. पेट्रोलची टाकी पुढे ठेवली. इंजिनाचा खालचा भाग होडीच्या जवळ यावा म्हणून चाचांनी त्याची खीळ एक भोक आत घेतली.

मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, आता तुम्ही पुढे सरका."

मी भीतीने मागे दोरी धरून बसलो होतो. सर्वांत वजनदार माणूस मीच होतो! मनात लाज वाटली. जीवरक्षक जाकिटाचे पट्टे आवळले आणि बिस्मिल्ला म्हणून गुडघ्यांवर सरकत पुढे गेलो.

"बस, तिथेच थांबा! फार पुढे गेलात तर नाक पाण्यात खुपसेल," चाचा ओरडले.

सलीमने इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवली आणि मूठ पिळली. नाक पुन्हा वर गेले, पण क्षणभरच. लगेच ते खाली आले. होडी सपाट झाली आणि पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून धावू लागली. वेग वाढला की तळाखालचे पाणी होडीला वर उचलते. आता सलीमने मूठ थोडी सैल केली, तरी वेग टिकला. मगरिबच्या अजानेपूर्वी आम्ही धक्क्याला लागलो.

उतरताना मी चाचांचे आभार मानले. ते हसून म्हणाले, "मास्तर, होडी तीच, इंजिन तेच. तुम्ही फक्त दोन हात सरकलात."

वर्गात एखादे काम अडले की मला ते दोन हात आठवतात. मुलांवर रागावण्याआधी मी स्वतःला विचारतो, "आपण तर मागे बसून राहिलो नाही ना?"