दाखल्यावरचं कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. तिथे बहुतेक वेळा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहितात आणि विषय मिटतो. माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा विषय तिथूनच सुरू होतो. गिरगावातल्या एका मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. त्यानंतर एका भाचीने विचारलं, मग तिच्या मैत्रिणीने, आणि बघता बघता गिरगाव, दादर, परळ, लालबाग असा पसारा झाला. मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवलेल्या घरांसोबत मी पहिलं वर्षभर असते. पैसे घेत नाही, त्यामुळे ‘नाही’ म्हणायची मोकळीक राहते. ती मी बऱ्यापैकी वापरते.

पहिला प्रश्न ठरलेला, “बाई, हे कायदेशीर आहे ना?” २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्याचं दहावं कलम म्हणतं. पण न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र त्यात कुठेच नाही. घरशाळेला कायद्याने हो म्हटलेलं नाही आणि तोंडावर दारही लावलेलं नाही. म्हणून ‘बिनधास्त करा’ असं मी म्हणत नाही, आणि घाबरवतही नाही. परीक्षेच्या वाटा दाखवते. १७ नंबरचा फॉर्म आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो. १९८९ पासून चालत आलेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी आहे. चौदा पूर्ण झाले की नाव घालता येतं आणि पाच वर्षांत नऊ वेळा बसून एकेक विषय सोडवता येतो. कलम चार मात्र मी मुद्दाम वाचून दाखवते. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क त्यात आहे. परत यायची वाट माहीत असली की माणूस शांत डोक्याने बाहेर पडतो.

२०१६ साली माझा फोन अचानक जास्त वाजू लागला. दादरच्या मालविका जोशीला अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाल्याची बातमी आली होती. तिच्या आईने तिला सातवीत दादर पारसी यूथ असेंब्ली शाळेतून काढलं होतं. प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचं दार बंद होतं. चेन्नईच्या गणित संस्थेने मात्र तिला थेट एमएस्सीच्या पातळीवर घेतलं होतं. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण माझ्याकडे येणाऱ्यांनी शेवटचं पान आधी वाचलेलं असायचं. मधल्या चार वर्षांत ती मुलगी सकाळी उठून काय करत असेल, हे कुणी विचारायचं नाही. ‘आमचा पण कॉम्प्युटरवर खूप असतो,’ असं म्हणायचे. खूप असतो म्हणजे गेम खेळत असतो. अशांना मी चहा पाजून परत पाठवलं.

लालबागच्या एका चाळीतलं घर वेगळं होतं. मुलगा दहा वर्षांचा, इंग्रजी माध्यमात पाचवीत. रोज सकाळी पोटात दुखायचं, आठवड्यातून दोनदा उलटी. शाळेने वहीवर लाल शाईने ‘आळशी’ लिहून पाठवलेलं. मी आधी त्यांना शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात पाठवलं. तिथे अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. हे न करता शाळा सोडायला मी कुणालाच सांगत नाही, कारण कधी कधी मुलाला शाळा नको नसते, थोडा जास्त वेळ हवा असतो. तपासणीत निघालं. सवलतींचं प्रमाणपत्रही मिळालं. शाळेने ते फाइलला लावलं, आणि उलट्या चालूच राहिल्या. मग दाखला काढला.

खोली १० बाय १२ची, माणसं पाच. आईने दुसऱ्याच दिवशी वेळापत्रक केलं. सात ते आठ गणित, आठ ते नऊ इंग्रजी. मी ते खाली उतरवायला लावलं. मुलाने शाळेत जितकी वर्षं काढली, निदान तितके महिने त्याला काही शिकवू नये, असा घरशाळेवाल्यांत एक अंदाज चालतो. तो अनुभवाने आलेला अंदाज आहे, शास्त्र नव्हे. पण मला तो पटतो. त्या महिन्यांत आईने एकच करायचं, मुलाने दिवसभरात विचारलेले प्रश्न वहीत लिहायचे. पहिले तीन आठवडे वही कोरी होती. ती आई रात्री गॅलरीत येऊन मला फोन करायची, हळू आवाजात, कारण शेजारीण जागी असायची. शेजारीण सकाळी अकराला मुलाला मुद्दाम विचारायची, “काय रे, आज पण सुट्टी?”

पण खरी अडचण शेजारणीची नव्हती, आजोबांची होती. आजोबा गिरणीत साचा खात्यात होते. दिवसपाळी करून रात्रशाळेत जाऊन त्यांनी तिशीत मॅट्रिक केलेली. १९८२ च्या संपात नोकरी गेली, पण ते सर्टिफिकेट अजून प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवलेलं. ते मला म्हणाले, “बाई, आम्ही भोंग्यावर जगलो आणि तरी शाळा सोडली नाही. तुम्ही धडधाकट पोराला घरी बसवता?” त्यांना उत्तर नव्हतं माझ्याकडे. घरशाळेची बाजू मांडणारी इंग्रजी पुस्तकं लिहिणाऱ्यांपुढे असा आजोबा बसलेला नसतो. शाळा ज्यांना लढून मिळाली, त्यांच्या घरात ती सोडणं हा नुसता शिक्षणाचा प्रश्न राहत नाही. मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “चाळीस नंबरचं सूत म्हणजे काय?”

ते तासभर बोलले. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो सुताचा नंबर. नंबर वाढला की सूत बारीक. मुलगा बाजेवर लोळत ऐकत होता. म्हणाला, “मग चाळीस नंबरचं एक पौंड म्हणजे किती लांब?” वहीतली ही पहिली नोंद. ४० गुणिले ८४०, म्हणजे ३३,६०० यार्ड. त्याचे मीटर करायला दोघांना दोन दिवस लागले. साडेतीस किलोमीटरहून जास्त. करी रोडहून निघालेलं सूत ठाणं ओलांडून जातं. त्यानंतर बदली कामगाराचा पगार, पाळ्या, टक्के सगळं आजोबांनीच घेतलं. वाचन मागेच होतं, ते मी घेत होते, रोज पंधरा मिनिटं, मराठीतून. जूनपासून गणपतीच्या कारखान्यात जायला लागला. शाडू का तडकतो आणि प्लॅस्टर कालवल्यावर गरम का होतं, हे त्याने तिथे विचारलं. उलट्या कधी थांबल्या ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच सुमारास गिरगावातल्या एका वाडीतून फोन आला. मुलगी तेरा वर्षांची, सातवीत, हुशार. वडिलांनी घरशाळेबद्दल बरंच वाचलेलं होतं, शब्द अगदी बरोबर वापरत होते. घरी गेले तेव्हा आतल्या खोलीत आजी अंथरुणाला खिळलेली, आणि मुलगी दुपारच्या भाताचं बघत होती. मी विचारलं, दिवसभर घरी कोण असतं? “हीच असेल ना आता.” पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे यांच्या काळी बहुतेक बायकांना घर हीच शाळा होती, दुसरी सोय फारशी नव्हती म्हणून. त्या घरांनी निदान शिकवलं तरी. इथे शिकवायला कुणी नव्हतं, एक कामवाली वाचत होती. मी स्पष्ट नाही म्हटलं, तिच्या शाळेतल्या बाईंशी बोलले, आणि आजीसाठी अर्ध्या दिवसाची मावशी शोधून दिली. मुलगी शाळेत राहिली. वडील रस्त्यात दिसले की पलीकडच्या फुटपाथने जातात. चालेल. या दोन घरांत मी एकच फूटपट्टी लावते: दाखला कुणाच्या पोटदुखीसाठी काढताय, मुलाच्या की घराच्या?

लालबागचा मुलगा दोन वर्षं घरी राहिला. बारावं सरता सरता एका संध्याकाळी तो म्हणाला, मला शाळेत जायचंय. मैदानावर संघ करायला अकरा जण लागतात, आणि दुपारी चाळीत त्याच्या वयाचं कुणीच नसतं. आईचा फोन आला. “बाई, आपलं चुकलं का? सगळे म्हणतील, बघा, आली ना परत.” मी तिला कागदांची यादी लिहून घ्यायला सांगितली: जुना दाखला, जन्माचा दाखला, शीवच्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र, आणि वयानुरूप प्रवेशासाठी अर्ज. शाळा मराठी माध्यमाची निवडली, ती त्यानेच. मुख्याध्यापिका कोऱ्या वहीची अपेक्षा धरून बसल्या होत्या. त्यांनी गणित तपासलं, मग वाचायला दिलं. गणितात तो सातवीच्या पुढे होता, वाचनात चौथीच्या आसपास. त्यांनी सातवीत घेतला आणि रोज शेवटच्या तासाला वाचनासाठी वेगळं बसवायचं कबूल केलं.

पहिल्या दिवशी त्याला सोडायला आजोबा गेले. आईने प्रश्नांची वही बंद केलेली नाही. आता आठवड्याला दोन-तीन प्रश्न येतात. उरलेले शाळेत विचारतो की विचारत नाही, ते समजायला दिवाळीपर्यंत थांबायचं आम्ही ठरवलंय.